गाठबाबाची पांढरी बशी

बंद पडलेल्या थिएटरच्या तिकीटबारीपुढे पुन्हा रांग लागली होती. थिएटरला कुलूप लागून सात वर्षं झालेली, आणि चालू होतं तेव्हाही एवढी गर्दी कोणी पाहिली नव्हती. तेव्हा लोक माना उंचावून पाट्या वाचायचे, आता मान धरून उभे होते. कोणाच्या गळ्यात पट्टा, कोणाच्या टॉवेल, कोणाचं डोकं एका खांद्यावर विसरून राहिल्यासारखं. एक ट्रक-ड्रायव्हर तर मागच्याशी बोलायला अख्खाच्या अख्खा वळत होता, कपाट सरकवावं तसा.

तिकीटबारीच्या मागच्या खोलीत गाठबाबा बसायचा. पुढ्यात बाक, बाकावर पालथा पडलेला माणूस, शेजारी बाबाची बहीण पांढरी बशी धरून उभी, आणि कोपऱ्यात पेटलेली शेगडी. बाबाचे हात चालायचे तसं तोंडही चालायचं. बोलणं जरा जड, गालात सुपारी ठेवल्यासारखं. लोक म्हणायचे, सिद्धीचं वजन आहे.

“मान का दुखते, सांगा,” तो विचारायचा आणि स्वतःच सांगायचा. “जे बोलायचं होतं ते तुम्ही गिळलंत. गिळलेला शब्द पोटात जात नाही, मानेत जाऊन बसतो. त्याची गाठ होते. डॉक्टर वरून चोळतो, मी मुळापासून ओढतो. मी कोण? मी कोणी नाही. मी एक पोकळ नळी आहे.”

या सगळ्यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं, पण त्याकडे कोणाचं लक्ष जाणार?

मग तो मानेला कसलंसं तेल चोळायचा. कापराचा भपकारा यायचा, कातडी तापायची. मग पोकळ शिंग मानेवर टेकवून दुसऱ्या टोकाने ओढायचा. चेहरा लालबुंद, डोळे बाहेर, आणि थू करून बशीत काहीतरी पडायचं. काळपट, ओलसर, बोराएवढं. बहीण बशी रांगेच्या दिशेने लांबूनच फिरवायची आणि गाठ शेगडीत टाकायची. चर्र आवाज, जळक्या केसांसारखा वास, की बाबा म्हणायचा, “गेली. उठा.” माणूस उठायचा, मान वळवून पाहायचा आणि हसायचा.

ही रांग लागली ती थोरलीमुळे. 

कापडबाजाराच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर थोरलीचं रफूचं दुकान. तिला आणि तिच्या धाकट्या जावेला सगळी गल्ली थोरली-धाकटी म्हणूनच ओळखायची. दोघी एकाच घरात, एकाच वर्षी आल्या आणि एकतीस वर्षं एकाच बाकावर बसल्या. कोटाला पडलेलं भोक असं बुजवायच्या, की मालकालाच ते शोधून सापडू नये. थोरली धागा जुळवायची, धाकटी जाळी भरायची. आता हाताखाली चौदा बायका होत्या आणि दुकानाचा एकच नियम होता, तुकडा संपेपर्यंत मान वर नाही. थोरली चौथीपर्यंत शिकलेली. पण तिच्या डोळ्याला आणि जिभेला सगळी गल्ली वचकून असायची. ती कोणाची भीडभाड ठेवत नाही आणि खोटं बोलत नाही, असा तिचा लौकिक. तो लौकिक तिला सोन्याच्या बांगड्यांहून प्यारा होता.

पहिल्यांदा ती बाबाकडे गेली तेव्हा चेष्टा करायलाच गेली होती. “माझ्या मानेत कसली गाठ बसणार? मी काही गिळतच नाही,” ती बाकावर पालथी पडता पडता म्हणाली होती. दोन महिन्यांपासून तिची मान उजवीकडे वळत नव्हती. तेल चोळलं, शिंग लागलं, बशीत गाठ पडली आणि मान वळली. पूर्ण नाही, पण वळली. नाकाशी कापूर, डोळ्यांत पाणी, पाहणार काय ती? लांबून बशी दिसली तेवढीच. पण बाहेर आली आणि दुकानात, मार्केटात, औषधाच्या दुकानात सगळ्यांना सांगत सुटली, “माझ्या डोळ्यांनी पाहिलं. निघते गाठ.”

थोरलीने डोळ्यांनी पाहिलं म्हटल्यावर आणखी कोणाला काय पाहायचं राहिलं?

महिन्याभराने ती शेजारच्या घाऊक दुकानाच्या मुनीमाला घेऊन बाबाकडे गेली. आता तिचा मान मोठा. बाबाने तिला बाकाशेजारीच स्टूल दिलं. “या बाईंच्या मानेतून सगळ्यांत मोठी गाठ निघाली,” तो रांगेला म्हणाला. थोरलीने पदर सावरला.

मुनीमाची गाठ बशीत पडली. बहीण वळली आणि वळताना बशी थोरलीच्या हनुवटीखालून गेली. गाठीचं एक टोक सुटलं होतं. थोरलीने पाहिलं, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने तिच्या डोळ्याने पदर मोजले. दोन हिरवे, एक राखाडी. पीळ उलटा.

लोकर होती. तिच्या हातची लोकर.

ती डावखुरी. मांडीवर धागा वळताना तिचा पीळ सगळ्यांच्या उलट पडायचा, दुकानातल्या बायका त्यावरून तिला चिडवायच्या. मागच्याच महिन्यात एका वकिलाच्या जुन्या कोटासाठी तिने दोन हिरवे आणि एक राखाडी असा तिपदरी धागा स्वतः वळला होता. उरलेला तुकडा कातरणात टाकला होता. आणि कातरण न्यायला दर आठवड्याला कोण येतं? बाबाची बहीण. “उश्या भरायला नेते हो,” म्हणून.

तेवढ्यात शेगडीत चर्र झालं आणि तो वास आला. धागा लोकरीचा आहे की नाही हे ओळखायला रफूवाल्या त्याचं टोक जाळून पाहतात. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो. हा वास थोरली रोज घेत आली होती आणि इथे येऊन सिद्धी समजून बसली होती.

मुनीम मान हलवत म्हणाला, “बाई, कमाल आहे हो.”

थोरलीने तोंड उघडलं. रांगेत तिच्याच शब्दावर आलेले चाळीस लोक उभे होते. तिने तोंड मिटलं आणि म्हणाली, “चला, उशीर होतोय.”

घरी जाताना तिने मनाची समजूत घातली. फसवतो खरा, पण मुनीमाला बरं वाटलंच ना? मलाही वाटलं. कोणाचं नुकसान आहे? झाकली मूठ झाकलेली बरी. असं दहा वेळा घोकलं. तरी मुनीमाने कौतुकाने पाठवलेले पेरू टोपलीत तसेच पडून राहिले.

आठ दिवसांनी दुपारी धाकटीने सुई खाली ठेवली. धाकटी बोलायला कमी, सोसायला जास्त.

“ताई, एक विचारू?”

“विचार की. परवानगी कसली मागतेस?”

“माझी मान दुखते ते तुला माहीतच आहे. पण आता हातात मुंग्या येतात. अंगठा आणि पहिलं बोट. सुई निसटते.” ती जरा थांबली. “तू जाऊन आलीस. तू सांग. खरंच निघते का गं गाठ?”

समोर बायका बसल्या होत्या. त्यातल्या निम्म्या थोरलीच्या सांगण्यावरून शिंग लावून आलेल्या. दुकानातली सगळ्यांत बडबडी बाई, जिला सगळ्या रेडिओ म्हणायच्या, तीही कधी नव्हे ती गप्प बसून ऐकत होती.

“निघते,” थोरली म्हणाली.

एकच शब्द. तो म्हणताना तिला वाटलं होतं, धाकटी विसरून जाईल.

त्याच आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलमधली फिजिओथेरपीवाली तरुण डॉक्टरीण पांढऱ्या कोटाचा फाटका खिसा घेऊन जिना चढून आली. खिसा राहिला बाजूला, ती दारातच उभी राहून खाली घातलेल्या पंधरा माना बघत राहिली.

“काकू, किती वेळ बसतात या अशा?”

“तुकडा संपेपर्यंत.”

“आणि तुकडा कधी संपतो?”

“कधी तासात, कधी तीन तासांत. तुम्हाला खिसा शिवून हवाय की दुकान तपासायचंय?”

डॉक्टरीण हसली. “मान दुखते का कोणाची?”

पंधरा हात वर झाले. रेडिओने दोन्ही केले.

“आमची सोय आहे,” थोरली घाईने म्हणाली. “थिएटरमध्ये बाबा गाठ काढतो. तुम्ही काढता?”

“नाही. ती निघत नाही. स्नायू आखडून बसलेला असतो, तो सैल पडतो, बाहेर येत नाही.”

“मग तुमच्याकडे आहे तरी काय?”

“बरंच आहे. शेक आहे, त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आखडलेल्या जागी दाबून धरता येतं. ताण देता येतो. व्यायाम आहे. आवाजाच्या लहरी सोडायचं एक मशीनही आहे, पण त्याचा मानेला कितपत उपयोग होतो याची मलाच शंका आहे. व्यायामाचा फायदा टिकतो असं माझ्या पुस्तकात लिहिलंय. पण पुस्तकावर तुम्ही का विश्वास ठेवावा? बाबावरही का ठेवावा? मोजून बघू या.”

मोजणं हा शब्द थोरलीला कधीच नको म्हणता आला नव्हता. शिवाय मनात एक चोर होता. बाबाच्या बायका बऱ्या झाल्या, तर आपण गप्प बसलो त्यात पाप उरणार नाही. त्या चोरानेच तिच्या तोंडून “बघा मोजून” म्हणवलं.

डॉक्टरिणीने सगळं उघड सांगितलं. चिठ्ठ्यांऐवजी धाग्याचे पंधरा तुकडे डब्यात टाकायचे. लाल निघेल तिने बाबाकडे जायचं, पण फक्त शिंग लावून घ्यायचं, मानेला झटका घ्यायचा नाही. पांढरा निघेल तिला हॉस्पिटलचं मशीन. काळा निघेल तिला दाबणं, ताण, व्यायाम आणि दर अर्ध्या तासाने बाकावरून उठणं. “यातलं एखादं नुसतं पोकळही असू शकेल. कोणतं ते शेवटी सांगेन. चालेल?” चालेल म्हणाल्या. मान किती वळते ते दुकानातल्याच टेपने बघायचं. डोकं वळवून हनुवटी खांद्याच्या हाडापासून किती लांब राहते, एवढंच. दुखणं किती ते प्रत्येकीने दहा बटणांतून दाखवायचं. मोजायला हॉस्पिटलच्या सिस्टर येणार, आणि त्यांना कोणाचा धागा कोणता हे सांगायचं नाही.

“का बरं?” रेडिओने विचारलं. “सिस्टर आम्हाला फसवतील?”

“स्वतःला फसवतील,” डॉक्टरीण म्हणाली. “आपल्या आवडत्या बाजूला टेप जरा ढिली सुटते. माझीसुद्धा.”

सगळ्यांना तपासताना ती धाकटीपाशी आली. तिला बोट पकडायला सांगितलं. धाकटीने पकडलं. डॉक्टरिणीने ते सहज सोडवलं आणि तिचं हसू गेलं.

“मावशी, तुम्ही या डब्यात हात घालायचा नाही. तुमचं नुसतं स्नायूचं नाही, मानेत नस दाबली जात असेल. उद्या सकाळी हॉस्पिटलला या, मी मोठ्या डॉक्टरांना सांगून ठेवते. आणि मानेला कोणालाही हात लावू देऊ नका.”

धाकटी मान हलवून बरं म्हणाली. तिच्या जागी मोजणीत पंधरावी म्हणून थोरलीच बसली. तिचा धागा पांढरा निघाला.

दुसऱ्या दिवशी धाकटी हॉस्पिटलला गेली नाही. आधी थिएटरला गेली. हॉस्पिटल म्हटलं की ऑपरेशन, या धास्तीने बिचारी रात्रभर झोपली नव्हती, आणि थोरली म्हणाली होती, निघते. बाबाने पाहिलं, मुंग्या ऐकल्या आणि म्हणाला, “ही जुनी गाठ. शिंगाला दाद देणार नाही. हिला हलवावी लागेल.” हनुवटीला एक हात, डोक्याला एक हात, आणि कडाक.

रांगेने वाहवा म्हटलं. बोटं मोडल्यावर सांध्यातून येतो तोच आवाज तो, त्यात काही बरं झालं असं नाही. पण मोठा आला की लोकांना मोठा गुण आल्यासारखं वाटतं.

धाकटी दुकानात आली आणि बाकावर बसली. सुई घेतली. सुई पडली. पुन्हा उचलायला गेली, तर अंगठा आणि बोट एकमेकांना भेटेनात. तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा, आणि थोरलीकडे पाहिलं. तक्रार केली नाही. विचारलं, “ताई, आणखी एकदा जावं लागेल का गं?”

थोरली तिला रिक्षात घालून हॉस्पिटलला घेऊन गेली. फोटो झाले, मोठ्या मशीनचे फोटो झाले, पट्टा लागला, औषधं लागली. डॉक्टर म्हणाले, “नस आधीच दाबलेली होती. त्यात झटका. मुंग्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात यायला हवं होतं. आता बघू. कदाचित ऑपरेशन लागेल. ताकद किती परत येईल, आज सांगता येत नाही.”

मुंग्या सुरू झाल्या त्या आठवड्यात थोरली ‘निघते’ म्हणाली होती.

चार आठवडे मोजणी चालली. फक्त शिंग, झटका नाही, हे डॉक्टरिणीने लाल धाग्याच्या बायकांना पुन्हा बजावलं. थोरली ठरलेल्या दिवशी हॉस्पिटलला जायची, मानेवर थंडगार मलम आणि मशीनचा गोल माथा फिरायचा, हिरवा दिवा लुकलुकायचा. ऊब हाडापर्यंत पोचायची. परत येऊन ती धाकटीला भरवायची, वेणी घालायची, औषध द्यायची. धाकटी म्हणायची, “तू किती करतेस गं माझं.” ते ऐकलं की थोरलीला कोणीतरी थोबाडीत मारलं असतं तर बरं, असं व्हायचं.

शेवटच्या दिवशी डॉक्टरीण वही घेऊन आली. पंधरा बायका, एक थोरली धरून, गोल बसल्या.

“पहिल्या दिवशी सगळ्यांनाच बरं वाटलं होतं,” ती म्हणाली. “लाल, पांढरा, काळा, सगळे सारखे. तेव्हाच थांबलो असतो तर बाबा जिंकला असता, मशीन जिंकलं असतं, सगळेच जिंकले असते. आता ऐका. लाल धाग्याच्या बायकांनी आधी सात-आठ बटणं दाखवली होती, आज सहा. पांढऱ्याच्याही सहाच. काळ्याच्या तीन, आणि टेपवर त्यांच्या माना दोन-तीन बोटं जास्त वळतायत.”

“म्हणजे बाबाचा गुण मशीनएवढा तरी आहेच,” रेडिओ म्हणाली.

“तेवढाच आहे. मशीन बंद होतं. दिवा लागायचा, आत काही नव्हतं.”

मग थोरली म्हणाली, “पण मला ऊब लागत होती. हाडापर्यंत.”

“लागली असणार, काकू. तुम्ही खोटं नाही बोलत. चोळल्याने थोडी लागते आणि बाकीची आपण लावून घेतो. दुखणं वाढलं की माणूस उपाय शोधतो, आणि वाढलेलं दुखणं एरवीही थोडं उतरतंच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पंधरा बायकांवरून जगाचा निकाल लागत नाही, हेही सांगते. पण तुमच्या दुकानापुरतं कळलं. बाकं उंच करा, अर्ध्या तासाला उठू द्या.”

तुम्ही खोटं नाही बोलत. थोरली तिथून उठली ती थेट घरी गेली. मनातल्या चोराला आता लपायला जागा उरली नव्हती.

धाकटी खिडकीशी बसून रबरी चेंडू दाबत होती. अंगठा जरा परतला होता, बोट अजून बधिर होतं.

“तू मला विचारलंस ना, गाठ निघते का,” थोरली उभ्यानेच म्हणाली. “तेव्हा मला ठाऊक होतं. ती माझीच लोकर होती. वकिलाच्या कोटाची. मी आठ दिवस आधी पाहिली होती.”

चेंडू थांबला.

“आणि तू निघते म्हणालीस.”

“म्हणाले.”

“का?”

“सगळ्या गल्लीला सांगून बसले होते. तोंडघशी पडले असते.”

धाकटीने चेंडू खिडकीत ठेवला. मग बोलली ती थोरलीकडे न बघता. “मला कशाला सांगतेस? माझं व्हायचं ते झालं. रांगेत सांग.”

थोरलीने एक गोष्ट मात्र नीट केली. नुसतं बोलून बाबा पडणार नाही, हे तिला कळत होतं. डॉक्टरिणीने शिकवलंच होतं, आधी ठरवायचं, मग बघायचं. तिने राखाडी लोकरीत रेशमाचा एक लालभडक पदर घालून हातभर धागा उलटा वळला. अर्धा ठेवला, अर्ध्याचे तुकडे कातरणात टाकले. बहीण आली, कातरण घेऊन गेली. दोन दिवसांनी थोरली रांगेत उभी राहिली. मागे तोच ट्रक-ड्रायव्हर होता, तिसऱ्यांदा आलेला.

“हे धर,” तिने त्याच्या हातात कागदाची पुडी ठेवली. “मी सांगेपर्यंत उघडायची नाही. चार जणांना दाखवून ठेव, की तुझ्या मुठीत आहे.”

“काय आहे मावशी?”

“माझ्या मानेतून आता काय निघणार आहे ते.”

ड्रायव्हर हसला, पण पुडी घट्ट धरली. आत बाबाने तिला पाहून हात जोडले. “बाई, पुन्हा गाठ? पुन्हा काही गिळलंत वाटतं.”

“गिळलं खरं,” थोरली म्हणाली आणि बाकावर पडली.

तेल, शिंग, लाल चेहरा, थू. गाठ बशीत पडली, आणि बशी शेगडीकडे वळायच्या आत थोरलीने उठून ती धरली. सुई धरणारा हात, सुटतोय कुठे.

“हात लावू नका,” बाबा ओरडला. “उलटेल. अंगावर येईल.”

“येऊ दे. मोकळंच आहे अंग.”

ती बशी घेऊन तिकीटबारीपाशी आली, पदराला टोचलेली सुई काढली आणि जिथे एके काळी तिकिटं फाडत असत त्या फळीवर गाठ सोडवायला बसली. एकेक फास सैल केला. शिरा नाही, मांस नाही. टीचभर धागा सरळ झाला. राखाडी लोकर, मध्ये लाल रेशीम.

“आता उघड पुडी.”

ड्रायव्हरने उघडली. दोन्ही धागे फळीवर शेजारी शेजारी ठेवले. मागचे लोक पुढे सरकले, माना दुखत होत्या ते विसरून वाकून वाकून पाहू लागले.

“धागा माझ्या दुकानाच्या कातरणातला. याची बहीण घेऊन येते,” थोरली म्हणाली. “चहाच्या पाण्यात भिजवत असतील, म्हणून काळपट. गालात धरायचा, शिंगाला तोंड लावायचं, ओढल्याचं सोंग करायचं आणि थुंकायचा. वास येतो तो लोकर जळल्याचा. ऊब तेलाची. बाबा, पुढची गाठ तयार असेल, तोंड उघड बघू.”

बाबाने तोंड उघडलं नाही. ड्रायव्हर अख्खा वळून त्याच्याकडे निघाला, तशी बाबाच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

“गिळली,” कोणीतरी म्हणालं.

“बघू या, पोटात जाते की मानेत,” थोरली म्हणाली, आणि रांग हसली. हसता हसता टाळ्या पडल्या. पुन्हा शिंग लावायला आलेला मुनीम म्हणाला, “शाबास बाई. तुमच्या डोळ्यातून सुटेल काय?”

हीच वेळ होती. इथे थांबून घरी गेली असती तर लौकिक दुप्पट झाला असता.

“शाबास म्हणू नका,” ती म्हणाली. “मला हे आज कळलेलं नाही. मुनीमजी, तुमची गाठ बशीत पडली त्या दिवशीच कळलं होतं. सहा आठवडे झाले. मी गप्प बसले. माझ्या सख्ख्या जावेने मला विचारलं, तर तिला खोटं सांगितलं. तिच्या मानेला याने झटका दिला. तिचा उजवा हात गेलाय. थोडा आलाय, बाकीचा येईल की नाही कोणी सांगत नाही. याने फसवलं ते पोटासाठी. मी फसवलं ते नाकासाठी.”

टाळ्या थांबल्या होत्या. मागून एक बाई म्हणाली, “मी माझ्या आईला तुमच्या शब्दावर आणलं होतं.” थोरलीने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “माहीत आहे.”

“मग आता कुठे जायचं, तेवढं तरी सांगा,” ड्रायव्हर म्हणाला. “तुम्ही म्हणाल तिथे जातो.”

“तेच करू नकोस. मी म्हणते म्हणून कुठे जाऊ नको. माझ्या डोळ्यांनी पाहिलं असं कोणी म्हणालं, मग ती मी का असेना, तर विचार, जवळून पाहिलं का? किती जणांवर पाहिलं? दुसऱ्या उपायाशी ताडून मोजलं का, आणि मोजलं ते कोणी? एक दिवस बरं वाटलं की महिना टिकलं? बरं वाटलं ते पुन्हा येऊन सांगतात, ज्यांना वाटलं नाही ते कुठे गेले, तेही विचार. हॉस्पिटलमध्येसुद्धा विचार. तिथे एक पोरगी आहे, तिला विचारलेलं आवडतं. आणि हातापायाला मुंग्या आल्या, पकड ढिली झाली, तर कोणाकडून मान मोडून घेऊ नको, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आमच्याकडे वेळ होता, तो मी घालवला.”

रांग एकदम मोडली नाही. काही लोक गेले. काही तिथेच उभे राहिले, कारण इतक्या लांब आलेच होते. एक म्हातारा म्हणाला, “धाग्याचं असेल खरं, पण मला बरं वाटलं होतं.” कोणी त्याला हसलं नाही.

थोरली घरी आली तेव्हा धाकटी तिथेच खिडकीशी बसली होती. 

“बोललीस?”

“बोलले.”

“सगळं?”

“सगळं. तुझा हात, माझं नाक, सगळं.”

“किती जण होते?”

“तीस-चाळीस असतील.”

धाकटीने बधिर बोट दुसऱ्या हाताने चेंडूवर वाकवून ठेवलं आणि दाबलं.

“उद्या परत जा,” ती म्हणाली. “उद्या दुसरे लोक येतील.”